शस्त्र आणि शील

(परंडा येथे उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकिलाने कायद्यावर बोलावे आणि धम्माच्या सभेत धम्मावर बोलावे, अशी आपली रीत आहे. आज मी ही रीत थोडी मोडणार आहे. मी आपणांस एका जपानी चित्रपटाची कथा सांगणार आहे. कथा एका निर्दय तलवारबहाद्दराची आहे, आणि ती येथे, परंड्यात, सांगण्याचे कारण आपल्याच एका घरात घडले आहे.

काही महिन्यांपूर्वी एक माउली आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आली. या कुटुंबाने अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेली आहे. मुलाने मित्रांच्या आग्रहास्तव वाढदिवसाचा केक तलवारीने कापला, त्याची छायाचित्रे गावभर फिरली आणि पोलिसांनी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली त्याच्यावर गुन्हा नोंदविला. हा प्रकार आज महाराष्ट्रात गावोगाव चालतो, हे आपण जाणताच. मी त्या मुलास विचारले, ''बाळ, तलवार कशाला आणलीस?'' त्याने उत्तर न देता आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक कृष्णधवल चित्र होते. विस्कटलेले केस, थिजलेले डोळे आणि हातात तलवार. तो म्हणाला, ''वकीलसाहेब, ह्याला कुणीच हरवू शकत न्हाई.''

चौकशी करता कळले की, मुलाने चित्रपट पाहिलेलाच नव्हता. अखेरच्या झुंजीचा तीन-चार मिनिटांचा तुकडा तेवढा त्याने पुन्हा पुन्हा पाहिला होता. तेव्हा मी तो चित्रपट मिळवून आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला. मग त्या मुलास बोलावून सबंध कथा सांगितली. तीच आज आपणांस सांगतो, कारण असे तुकडे आपल्या पुष्कळ घरांत पोहोचले आहेत. सबंध कथा मात्र कोणाच्याच घरी पोहोचलेली नाही.

या चित्रपटाचे मूळ जपानी नाव 'दाइबोसात्सु तोगे' असे आहे. 'दाइबोसात्सु' म्हणजे महाबोधिसत्त्व आणि 'तोगे' म्हणजे घाटाची खिंड. बोधिसत्त्वाच्या नावाची ही खिंड जपानातील यामानाशी प्रांतात आजही आहे. इंग्रजीत हा चित्रपट 'सोर्ड ऑफ डूम' या नावाने ओळखला जातो. तो १९६६ साली निघाला. दिग्दर्शक किहाची ओकामोतो, पटकथाकार शिनोबू हाशिमोतो. नायकाचे, किंबहुना खलनायकाचे, काम तात्सुया नाकादाई या विख्यात नटाने केले आहे. काइझान नाकाझातो या लेखकाने १९१३ पासून वृत्तपत्रातून क्रमशः लिहिलेल्या एका प्रचंड कादंबरीवर तो आधारलेला आहे. लेखक १९४४ साली वारला, तरी ती कादंबरी पुरी झाली नव्हती.

कथेचा काळ १८६० ते १८६३ च्या सुमाराचा आहे. त्या वेळी जपानात शोगुनांची सत्ता ढासळत होती. घाटमाथ्यावर एक वृद्ध यात्रेकरू आपल्या लहान नातीसह विसावतो. नात, ओमात्सु, पाणी आणावयास जाते. वृद्ध तेथील छोट्या बुद्धस्थानापुढे हात जोडतो आणि आपल्याला लवकर मरण यावे, नातीवरचा आपला भार उतरावा, असे मागणे मागतो. इतक्यात र्युनोसुके नावाचा सामुराई पाठीमागून येतो आणि एका घावात त्या वृद्धास ठार करतो. वैर नाही, लोभ नाही, भांडण नाही. जणू त्याने गवताची पेंढी कापली! नात पाणी घेऊन परतते, तेव्हा तिला प्रेत दिसते.

श्रोतेहो, येथे मी क्षणभर थांबतो. हा खून कोठे झाला? बोधिसत्त्वाच्या नावाच्या खिंडीत, तथागताच्या समोर झाला. मारणारा ज्या देशात वाढला, तेथे गावोगाव बुद्धाची मंदिरे होती. परंतु मूर्ती समोर असल्याने हात थांबत नाही. आपण घरातील जुने देव काढले, भिंतीवर भगवंतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र लावले, हे उत्तम केले. तथापि त्या चित्राखाली उभा असलेला माणूस काय करतो, यावरच ते घर बौद्ध आहे की नाही हे ठरते.

पुढील कथा ऐका. र्युनोसुकेचा बुन्नोजो नावाच्या दुसऱ्या तलवारबाजाशी सामना ठरतो. त्या सामन्यावर बुन्नोजोचे पुढील जीवित अवलंबून असते. त्याची पत्नी ओहामा र्युनोसुकेकडे येते आणि सामना सोडून द्यावा अशी काकुळतीने विनवणी करते. हा पुरुष त्या विनवणीची किंमत मागतो, आणि ती किंमत म्हणजे तिची अब्रू. किंमत वसूल केल्यावर तो सामन्यात बुन्नोजोला ठार मारतो. वाटेत सूड घ्यावयास आलेल्या बुन्नोजोच्या साथीदारांसही तो अरण्यात एकामागून एक लोळवतो. पुढे ओहामा त्याच्याच घरी राहू लागते, कारण तिला दुसरे घरच उरलेले नसते. त्यांना एक मूल होते. र्युनोसुके नाव बदलून भाडोत्री मारेकरी बनतो. असे ते घर असते. नवरा रात्री रक्ताने माखून येतो, बायको त्याचा द्वेष करते आणि पाळण्यात मूल रडत असते. अखेर ओहामा एका रात्री त्याला मारू पाहते. तो तिलाही मारतो आणि रडते मूल टाकून निघून जातो.

मोबाइलवरच्या तुकड्यात हे काही दिसत नाही. तलवारीची चमक दिसते. पाळणा दिसत नाही.

या चित्रपटात दुसराही एक तलवारबाज आहे. त्याचे नाव शिमादा तोरानोसुके. ही भूमिका तोशिरो मिफुने याने केली आहे. एका रात्री बर्फ पडत असता मारेकऱ्यांची टोळी चुकीच्या माणसावर, म्हणजे या शिमादावर, तुटून पडते. तो आत्मरक्षणार्थ त्या सर्वांचा पराभव करतो, पण त्याच्या तोंडावर विजयाचा आनंद नसतो. आपल्यास विनाकारण इतकी माणसे मारावयास लावली, याचा संताप त्याला येतो. तो सांगतो की तलवार आणि मन ही दोन नव्हेत; मन दुष्ट असेल तर तलवारही दुष्ट होते. र्युनोसुके हे सारे उभा राहून पाहतो. आयुष्यात प्रथमच त्याचा हात तलवारीवर असूनही ती म्यानाबाहेर येत नाही.

हे ऐकताना आपणांस बाबासाहेबांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. बाबासाहेबांनी विद्येला शस्त्राची उपमा दिली होती आणि ते शस्त्र तारील की मारील हे धरणाऱ्याच्या शीलावर अवलंबून आहे, असे बजावले होते. दीक्षेच्या वेळी आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतो, त्यांतही प्रज्ञा, शील आणि करुणा ही तिन्ही एकत्र येतात. र्युनोसुकेजवळ कौशल्य अलौकिक होते. उरलेली दोन नव्हती.

शस्त्राला स्वतःचे इमान नसते, हे परंडेकरांस मी वेगळे सांगावयास नको. जी तोफ आज विजापुरात मलिक-ए-मैदान या नावाने प्रसिद्ध आहे, ती १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली. काही काळ ती आपल्या या किल्ल्यात होती आणि १६३२ साली ती विजापूरकरांनी नेली. जी काल निजामशाहीची होती, ती आदिलशाहीची झाली. तोफेने तक्रार केली नाही. इमान असते ते माणसात. तलवार, लेखणी, पदवी, अधिकाराची खुर्ची, या साऱ्यांना हाच न्याय लागू आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ह्याला कोणीच हरवू शकत नाही काय? बुन्नोजोचा धाकटा भाऊ ह्योमा सूडासाठी वर्षानुवर्षे तलवारीचा अभ्यास करतो. त्या काळी जपानात अधिकाऱ्यांची अनुज्ञा घेऊन असा सूड उगवता येत असे. १८७३ साली शासनाने ती प्रथा बंद केली. पण या चित्रपटात ह्योमाची तलवार र्युनोसुकेपर्यंत पोहोचतच नाही. त्याला हरवते ती ओमात्सु.

होय, तीच घाटातील पाणी आणणारी पोर. दैवाने फेकाफेक केल्यावर ती क्योतो नगरीतील एका कलावंतिणीच्या घरी येऊन पडलेली असते. एका रात्री ती आणि र्युनोसुके एकाच दालनात समोरासमोर बसतात. तिला तो ओळखू येत नाही. बोलता बोलता ती सहज सांगते की आपल्या आजोबांना दाइबोसात्सु खिंडीत कोणीतरी विनाकारण मारले. तिच्या हाती शस्त्र नाही, वाणीत क्रोधही नाही. जे घडले ते तिने सांगितले, इतकेच. आणि ज्याच्यापुढे शेकडो तलवारी निष्प्रभ ठरल्या, तो पुरुष त्या एका साध्या वाक्याने मुळापासून हादरतो. दालनातील पडद्यांमागे त्याला आपण मारलेल्यांच्या छाया दिसू लागतात. तो वेडा होऊन छायांवर वार करू लागतो. मग त्याच्या टोळीतीलच माणसे त्याच्यावर चालून येतात, आणि मुलाने पुन्हा पुन्हा पाहिलेली ती झुंज सुरू होते.

तेव्हा ज्या दृश्याला तो मुलगा पराक्रम समजत होता, ते वस्तुतः एका पराभूताचे वेड होते. पराभव तीन मिनिटे आधीच होऊन गेला होता. तो तुकडा कापणाऱ्याने नेमका पराभव वगळला होता!

चित्रपट त्या झुंजीच्या मध्येच संपतो. र्युनोसुके घाव घालीत असता चित्र एकाएकी गोठते आणि समाप्ती होते. पुढील भाग काढण्याचा निर्मात्यांचा मानस होता, पण ते निघाले नाहीत. त्यामुळे तो तलवार उगारलेला माणूस तेथेच राहिला आहे. चित्र थांबले, तो स्वतः थांबला नाही.

थांबणे हा शब्द उच्चारताच आपणांस अंगुलिमालाची आठवण होईल. मज्झिम निकायातील ती कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतली आहे, आणि १९६० साली विजय भट्ट यांनी तिच्यावर हिंदी बोलपटही काढला. कोसल देशात माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर भगवंतांच्या मागे धावतो. भगवंत संथपणे चालत असूनही तो त्यांस गाठू शकत नाही. तो त्यांना थांबावयास सांगतो. भगवंत म्हणतात की मी थांबलेलाच आहे, तूच थांबलेला नाहीस. प्राणिमात्रांविरुद्ध दंड उगारणे ज्याने सोडले, तो थांबला, असा त्याचा अर्थ. अंगुलिमाल शस्त्रे फेकून देतो आणि भिक्षू होतो.

परंतु कथेचा पुढील भाग आपण बहुधा विसरतो. भिक्षू झाल्यावरही लोक त्याला दगड मारतात. डोके फुटलेले, चीवर फाटलेले, अशा स्थितीत तो परत येतो, आणि भगवंत त्यास ते सहन करावयास सांगतात. केलेल्या कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटका नाही. मात्र थांबण्याचा मार्ग कोणासही बंद नाही. दोन्ही कथांतील माणसे सारखीच क्रूर आहेत. एकाला थांबविणारा भेटला आणि तो थांबला. दुसऱ्याला बर्फातील त्या रात्री थांबविणारा भेटला होता. तो हादरला, पण थांबला नाही.

आपल्यासारख्यांनी या चित्रपटाकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या जपानात सामुराई वरिष्ठ वर्गाचा होता. आपला अवमान करणाऱ्या सामान्य माणसास जागच्या जागी कापण्याची मुभा त्याला होती. शेतकरी, कारागीर आणि व्यापारी त्याच्या खाली होते. आणि या सर्वांच्या बाहेर, गावाच्या कडेला, एता म्हणविला जाणारा समाज होता. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही त्यांची कामे. सामुराईच्या चिलखताला लागणारे चामडे तेच कमावीत आणि तेच अस्पृश्य ठरत! १८७१ साली शासनाने हुकूम काढून तो भेद कायद्याने रद्द केला आणि १८७६ साली सामुराईंचा तलवार बाळगण्याचा अधिकारही काढून घेतला. पण हुकमाने मन बदलले नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्या समाजाने सुइहेइशा नावाची आपली संघटना स्थापन केली आणि मानवी समतेची मागणी केली. बौद्ध म्हणविणाऱ्या देशातही हे घडले, याचा बोध आपण घेतला पाहिजे. धम्म नावात नसतो. तो माणसामाणसांतील वागणुकीत असतो.

आता स्वतःविषयी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

मी विधी महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा उलटतपासणी हीच माझी तलवार होती. आरंभीच्या दिवसांत एका मारहाणीच्या खटल्यात मी आरोपीतर्फे उभा होतो. फिर्यादीची साक्षीदार एक वृद्ध मजूर बाई होती. ती खरे बोलत आहे, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळले. पण तिला तारीख सांगता येईना. बाजाराचा दिवस आदला की नंतरचा, यात तिचा गोंधळ झाला. मी त्या गोंधळात तिला अर्धा तास फिरविले. लोक हसले. आरोपी सुटला. सहकाऱ्यांनी माझी पाठ थोपटली. न्यायालयाच्या पायऱ्यांवर ती बाई मला भेटली आणि म्हणाली, ''बाबा, मी खोटं बोलले का रं?'' मला उत्तर देता आले नाही.

आरोपीचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे. पुराव्याची कसोटी घेतल्यावाचून कोणालाही शिक्षा होता कामा नये. त्याबद्दल मला खेद नाही. खेद याचा आहे की, ती बाई रडू लागली तेव्हा मला आनंद झाला होता. कर्तव्याला तेवढ्या आनंदाची आवश्यकता नव्हती. घाटातील तो वृद्ध खाली कोसळला, तेव्हा र्युनोसुकेच्या तोंडावर जे दिसले, ते मी ओळखले; कारण ते माझ्या तोंडावर येऊन गेले होते. त्या दिवसापासून कोणत्याही गरीब साक्षीदारास हसण्याचा विषय करावयाचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

आणि म्हणूनच ओमात्सुचे मोल मला विशेष वाटते. दुर्बलाच्या हाती तलवार नसते. त्याच्या हाती साक्ष असते. जुलमी माणूस दुर्बलाच्या शस्त्राला भीत नाही, त्याच्या साक्षीला भितो. त्यामुळेच अत्याचार झाल्यावर प्रथम साक्षीदारास दमदाटी होते, मग पैसा पुढे केला जातो, मग गावकीचे दडपण येते. भगिनींनो, आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कलम १५-अ आले आणि ते २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्यानुसार पीडितास आणि साक्षीदारास धमकी व दडपणापासून संरक्षण मिळण्याचा हक्क आहे. न्यायालयातील कामकाजाची सूचना मिळण्याचा हक्क आहे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क आहे. हे कलम घरातील एकाने तरी वाचून ठेवावे. कोणी पुरावा देण्यास तयार झाले, तर वस्तीने त्याला एकटे सोडू नये. तारखेला त्याच्यासोबत दोन माणसे जावीत. तारीख, वार, वेळ ही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे माझ्यासारखा एखादा तरुण वकील तुमच्या आईला बाजाराच्या दिवसात फिरवू शकणार नाही.

त्या मुलाचा खटला अद्याप चालू आहे. त्याविषयी मी अधिक बोलणे उचित नव्हे. सबंध कथा ऐकल्यावर तो पुष्कळ वेळ गप्प बसला होता. त्याच्या आईने विचारले, ''काय रं, बोल की.'' तेव्हा त्याने मला विचारले, ''वकीलसाहेब, त्या रडणाऱ्या बाळाला मग कुणी सांभाळलं?''

त्याने तलवारीविषयी विचारले नाही, बाळाविषयी विचारले, याचे मला मोठे समाधान वाटले. आपल्या मुलांच्या हाती काय आहे हे पाहणे आई-बापांचे काम आहेच. पण मुलगा एखाद्या दृश्याने भारला असेल, तर त्याला रागे भरण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा आणि आधी काय झाले, नंतर काय झाले, मेला तो कोणाचा कोण होता, हे त्याला विचारा. तुकड्याची सबंध कथा करून द्या. करुणा शिकविण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.